प्रदूषणाचा उगम आपल्या दारी
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहायक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेले भाषण)



प्रदूषण आणि आपले रोजचे जीवन या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेने मला केली. मी शास्त्रज्ञ नव्हे. मी इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा माझे बोलणे प्रयोगशाळेतून आलेले नसून एका नकाशातून आणि एका नालीतून आलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम नालीची हकीकत सांगतो. गेल्या वर्षी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि आमच्या गल्लीतील नाली तुंबली. काळे पाणी सखल भागातील घरांत शिरले. एका म्हाताऱ्या खालाजानची धान्याची कोठी भिजली. आम्ही सारे बाहेर उभे राहून एकच वाक्य बोलत होतो, "ही सगळी घाण वरच्या मोहल्ल्यातून येते." दुसऱ्या दिवशी गल्लीतील तरुण पोरांनी फावडी घेऊन नाली मोकळी केली. मीही गेलो. नालीतून काय निघाले? पातळ पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, कुठल्याशा लग्नातील थर्माकोलच्या पत्रावळी, दुधाच्या रिकाम्या थैल्या. त्या थैल्या आमच्याच घरी रोज येतात त्याच दुधाच्या होत्या. आणि मित्रहो, सर्वांत शेवटी निघाले ते वहीचे प्लास्टिकचे कव्हर. त्यावर लेबल होते, लेबलवर इयत्ता सातवी लिहिलेले होते, आणि तो वर्ग माझाच होता. माझ्या तोंडून त्यानंतर 'वरचा मोहल्ला' हा शब्द निघाला नाही.

हा प्रसंग मी वर्गात सांगितला. तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, पण वरच्या मोहल्ल्यात घाण कोठून येते? आणि त्याच्याही वर?" प्रश्न मोठा मार्मिक होता. मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा खाली उतरविला आणि आम्ही सर्वांनी मिळून नद्या शोधल्या.

आपण जाणताच की, १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. हा सारा प्रदेश अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारावर वसलेला आहे. पठार म्हणजे घराचे छप्पर. छपरावर पडलेले पाणी दोन्ही बाजूंनी खाली उतरते, तसेच आपल्याकडे होते. काटेपूर्णा नदी वाशीम तालुक्यातील काटा गावाच्या परिसरात उगम पावते आणि उत्तरेकडे जाते. महानच्या धरणात तिचे पाणी अडते आणि तेच पाणी अकोला शहर पिते. पुढे ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. उलट अडाण आणि अरुणावती या आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या नद्या यवतमाळकडे वळतात, त्यांचे पाणी पैनगंगेत जाते, आणि पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत ते बंगालच्या उपसागराला पोहोचते. एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते! किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे?

आता यातून निघणारा अर्थ पाहा. दिल्ली, कानपूरच्या लोकांना म्हणता येते की, घाण वरून आली. एक पैनगंगा सोडली, कारण ती बुलढाण्याकडून येते, तर आपल्याला तसे म्हणता येत नाही. आपण उगमाशी बसलेले लोक आहोत. आपल्या ओढ्यानाल्यांत जे काही काळे, कुजके, विषारी दिसते ते आपलेच आहे. आणि आपण सोडलेले खालच्या लोकांच्या घागरीत जाते. ज्याच्या हाती उगम, त्याची जबाबदारी पहिली. मला आज एवढी एकच गोष्ट सांगावयाची आहे. बाकी सर्व या एका गोष्टीचा विस्तार होय.

पहिला विचार पाण्याचा करू. आपल्या दीनमध्ये पाकीला, स्वच्छतेला, ईमानाचा अर्धा भाग मानले गेले आहे, हे येथील लहान मूलही सांगेल. परंतु त्याच दीनने पाण्याच्या उधळपट्टीलाही रोखले आहे, हे आपण विसरतो. हदीसमध्ये आलेले आहे की, हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आतबाहेर. मनुष्य वाहत्या नदीच्या काठी बसलेला असला तरीही वुजूत पाणी वाया घालवू नये, अशीही शिकवण आहे. आणि आपण काय करतो? नळ सोडतो, बाह्या वर करतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, तोवर पाणी वाहतच असते. माझ्या विद्यार्थ्यांनी एकदा नळाखाली पाच लिटरची बादली ठेवून वुजू केला. वुजू संपण्याआधीच बादली भरून वाहू लागली. तेच काम मग बधन्याने केले, तेव्हा लिटरभर पाणी पुरले आणि थोडे उरलेही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करा. एका वुजूत चार लिटर वाचले आणि पाचही वेळा नवा वुजू केला, तर एका माणसाचे दिवसाला वीस लिटर वाचतात. शंभर नमाजींचे दोन हजार लिटर. उन्हाळ्यात वाशीम शहराला पाणी देणाऱ्या एकबुर्जी जलाशयाची पातळी खाली जाते आणि माताभगिनी गुंड घेऊन टँकरची वाट पाहतात, तेव्हा या दोन हजार लिटरची किंमत कळते. मशिदीच्या विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे की, नळांच्या तोट्या बारीक धारेच्या बसवाव्यात आणि वुजूचे पाणी गटारात न सोडता बाहेरच्या झाडांना द्यावे. त्या पाण्यात साबण नसतो, तेल नसते. झाडाला ते चांगले चालते.

आता मोरीच्या पाण्याचे पाहू. भांड्यांचे, कपड्यांचे, आंघोळीचे पाणी आपण रस्त्यावर सोडतो. तेथे डबके होते, डबक्यात डास होतात आणि मग तापाच्या साथीत आपण दवाखान्याच्या रांगेत उभे राहतो. यावर उपाय आपल्या शेजारच्या मुलखात लोकांनी करून दाखविला आहे. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यात, टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तेथे घरोघरी शोषखड्डे केले, गावातील उघड्या नाल्या संपल्या आणि डास हटले. खड्डा सुमारे चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तितकाच खोल खणावयाचा. मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी बसवावयाची, सभोवती दगडगोटे भरावयाचे आणि मोरीचा पाइप टाकीत सोडावयाचा. आपल्याकडे मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. आणि विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर तेथे खड्डा करू नये, नाही तर एक घाण काढून दुसरी घेतल्यासारखे होईल.

डेंग्यूचा डास मात्र गटारात होत नाही. तो घरातील स्वच्छ पाण्यात होतो, म्हणजे रांजणात, सिमेंटच्या टाकीत, कूलरमध्ये, छतावर पडलेल्या जुन्या टायरात. अंड्याचा डास होण्यास आठवडाभराहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. सरकारी आरोग्य कर्मचारी याला कोरडा दिवस म्हणतात. आपल्याला वेगळा दिवस शोधावयास नको. जुम्म्यासाठी आपण अंग स्वच्छ करतोच, तर जुमेरातीला घरातील पाण्याची भांडीही स्वच्छ करावीत. हे काम घरातील मुलांकडे द्यावे. अम्मीच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे.

दुसरा विचार धुराचा. खळे झाले की सोयाबीनचे कुटार बांधावरच पेटवून द्यावयाचे, कापूस संपला की पऱ्हाटी उपटून जाळावयाची, ही आपल्याकडील रीत होऊन बसली आहे. शेतकरी बांधवांनो, आपण जाळतो तो कचरा नव्हे. ते जमिनीचे अन्न आहे. आगीने वरच्या थरातील उपयोगी जीव मरतात आणि मग त्याच जमिनीसाठी आपण उसनवारी करून खताचे पोते आणतो. कुटार गुरांना चालते, उरलेले उकिरड्यात कुजवून उत्तम खत होते. पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये हे खरेच आहे, कारण तिच्यात बोंडअळी दडून राहते. परंतु ती उपटून, यंत्राने बारीक करून, खड्ड्यात कुजविता येते. चार शेतकऱ्यांनी मिळून यंत्र भाड्याने आणले तर खर्च वाटला जातो.

गावात कचऱ्याच्या ढिगाला काडी लावणे हा दुसरा धूर. त्या ढिगात प्लास्टिक असते, चपला असतात, वायरी असतात. त्यांच्या धुरातील विष डोळ्यांना दिसत नाही, पण दमेकरी माणसाला आणि पाळण्यातील बाळाला ते प्रथम कळते. आणि तिसरा धूर चुलीचा. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, अनेक घरांत सिलिंडर आले. तरीही टाकी महाग म्हणून कोपऱ्यातील चूल पुन्हा पेटते, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. परंतु चूल पेटवावयाचीच असेल तर ती उघड्या पडवीत मांडा, वर धुराडे काढा, लाकूड वाळलेले वापरा आणि प्लास्टिकची पिशवी घालून चूल पेटविण्याची सवय आजपासून सोडा.

तिसरा विचार प्लास्टिकचा. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये पातळ पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तू देशभर बंद केल्या. कायदा झाला, पण बाजारात जाताना आपल्या हातात पिशवी आली का? आमच्या आजोबांच्या काळी मनुष्य झोळी घेतल्याशिवाय बाजारास निघत नसे आणि गोश्त आणावयास डबा नेत असे. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आता आपण रिकाम्या हाताने जातो आणि दहा पिशव्या घेऊन येतो. त्या पिशव्यांत शिळे अन्न बांधून फेकतो. बकरी पिशवीसकट खाते आणि पोट फुगून मरते. ज्या गरिबाची बकरी मेली, त्याचे नुकसान कोणी केले?

येथे मला आपल्याच समाजाबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. बुजुर्गांनी क्षमा करावी. आपल्या शादीत, वलीम्यात, एका जेवणात किती प्लास्टिकचे ग्लास आणि पत्रावळी फेकल्या जातात! जुलूसच्या दिवशी आपण मोठ्या मोहब्बतीने शरबत वाटतो, आणि जुलूस पुढे गेल्यावर रस्त्यावर ग्लासांचा खच पडलेला असतो. रस्त्यातील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा सदका आहे, असे आपल्याला शिकविलेले आहे. मग त्रासदायक वस्तू रस्त्यावर टाकणे याला काय म्हणावे? सवाबाच्या कामाची समाप्ती गुन्ह्याने होऊ नये. प्रत्येक मोहल्ल्याने वर्गणी काढून दोनशे-तीनशे स्टीलची ताटे आणि ग्लास घ्यावेत आणि ते लग्नकार्याला द्यावेत. एकदाचा खर्च, वर्षानुवर्षांचा उपयोग.

तीच गोष्ट कुर्बानीची. कुर्बानी ही इबादत आहे. परंतु आतडी, रक्त आणि नको असलेले भाग नालीत किंवा गावाबाहेरच्या ओढ्यात फेकणे ही इबादत नव्हे. ईदच्या चार दिवस आधी मोहल्ल्यातील तरुणांनी विहिरी-ओढ्यांपासून दूर, ठरविलेल्या जागी खोल खड्डा करून ठेवावा, त्यात अवशेष टाकून चुना आणि माती घालावी. नगरपरिषदेची गाडी येत असेल तर तिची वेळ आधी विचारून घ्यावी. याने रोगराई टळते आणि शेजारी राहणाऱ्या इतर धर्मीय बांधवांनाही त्रास होत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला आहे, हे मी सांगावयास नको.

आवाज हेही प्रदूषण आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर वाजविण्यास मनाई आहे. वराती पुढचा डीजे सुरू झाला की घरातील आजारी मनुष्याची छाती धडधडते आणि परीक्षेच्या मुलाची वही मिटते. लग्न आनंदाचे असावे, पण तो आनंद दुसऱ्याच्या उशाशी ओरडणारा नसावा.

चौथा विचार शेतातील विषाचा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, उंच वाढलेल्या कपाशीत औषध अंगावर येते. ही माणसे आपल्यासारखीच होती. म्हणून सांगतो, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका, पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी धुऊ नका, आणि औषधाचा रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी घरात पाण्यासाठी, तेलासाठी वापरू नका. त्याला छिद्र पाडा, म्हणजे दुसराही कोणी वापरणार नाही.

पाचवी गोष्ट झाडांची. एखाद्याने लावलेल्या झाडाचे फळ मनुष्याने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका होते, असे हदीस सांगते. तेव्हा कडुनिंब, चिंच, जांभूळ, वड अशी आपल्या मातीतील झाडे लावावीत. कब्रस्तानच्या कुंपणालगत कडुनिंबाच्या रांगा किती शोभतील! मात्र पाच जूनला फोटोपुरते रोप लावून विसरू नये. पुढील दोन उन्हाळे ज्याने पाणी घातले, त्यानेच झाड लावले असे म्हणावे. तसेच प्रत्येक उघडे माळरान ओसाड नसते. कारंज्याजवळ सोहोळचे काळवीट अभयारण्य सुमारे १८ चौरस किलोमीटरचे आहे. काळविटाला घनदाट जंगल नको, त्याला गवत हवे. ते गवत पेटवू नये, तेथे सहलीला गेलो तर पिशव्या टाकून येऊ नये. १९८८ साली घोषित झालेल्या काटेपूर्णा अभयारण्यालाही हेच लागू आहे.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, मोठमोठे कारखाने धूर सोडतात, मोठी शहरे नद्या नासवितात, आणि तुम्ही आमच्या बधन्याचा आणि झोळीचा हिशेब मांडता!" आक्षेप रास्त आहे. १९८४ साली भोपाळमध्ये एका कारखान्यातील वायूने हजारो माणसे मारली. ती चूक कोणत्याही गृहिणीची नव्हती. मोठ्यांचा हिशेब मोठा आहे आणि तो मागितलाच पाहिजे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, स्वच्छ हवा आणि स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून घंटागाडी येत नसेल, नाली साफ होत नसेल, तर नगरपरिषदेकडे लेखी अर्ज द्या, ग्रामसभेत उभे राहून विचारा, पोचपावती घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर आमच्या शाळेत या, आमची नववी-दहावीची मुले लिहून देतील. परंतु १९७६ साली घटनेत जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. हक्क मागणाऱ्याचे स्वतःचे अंगण स्वच्छ असले, तर त्याच्या अर्जाला वजन येते.

आपल्या या वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, १८७६ साली गाडगे महाराज जन्मले. ज्या गावी कीर्तन करावयाचे, ते गाव ते आधी स्वतः खराट्याने झाडीत आणि मग बोलावयास उभे राहत. मी आज झाडल्यावाचून बोललो, ही माझी उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी शाळेमागील नालीवर फावडे घेऊन हजर राहीन. माझ्या सातवीच्या वर्गाला मी बोलाविले नाही, तरी ते येतील असे मला वाटते, कारण त्या कव्हराचा मालक कोण याचा शोध त्यांना अजून लागलेला नाही.

पालकहो, शेवटी एवढेच मागतो. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला सोबत घ्या आणि आपल्या मोरीचे पाणी दारातून कोठवर जाते ते चालत जाऊन पाहा. नाली कोठे मिळते, ओढा कोठे लागतो, ओढा कोणत्या नदीकडे वळतो. त्या नदीच्या खालच्या अंगाला कोणी तरी अनोळखी माणूस उद्या सकाळी घागर बुडविणार आहे. त्याला आपण ओळखत नाही, तो आपल्याला ओळखत नाही. परंतु त्याच्या घागरीत काय जावे हे आपल्या हाती आहे. अल्लाह तआला आपल्याला ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो, आमीन.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.